ग्रेनेडीन्समध्ये शिडाच्या बोटीवर दहा दिवस: दुपारी दोनच्या आत नांगर

पुण्याचं, आता न्यू जर्सीत राहणारं एक कुटुंब विचारतं आहे. नवरा-बायको, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, आणि सासूबाई. दोघांनीही मुंबई बंदरात लहान कीलबोटींवर शिडं हाताळायला शिकून घेतलंय. फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा आहे आणि कॅरिबियनच्या लहान बेटांत बोट भाड्याने घेऊन फिरायचा बेत आहे. स्वतःच बोट चालवावी का, कुठून कुठे जावं, वर मार्तिनिकपर्यंत जाऊन परत येता येईल का, साधी बोट घ्यावी की दोन सांगाड्यांची कॅटमरान, आणि बेरिल वादळानंतर तिकडे जाणं योग्य आहे का, हे त्यांचे प्रश्न.

मर्चंट नेव्ही सोडल्यापासून माझे हिवाळे याच बेटांत शिडाच्या बोटीवर जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी निर्णय सांगतो. जरूर जा. सेंट व्हिन्सेंटहून निघा, दक्षिणेला युनियन बेटापर्यंत जा आणि तिथून परत फिरा. मार्तिनिक या खेपेला सोडून द्या. कॅटमरान घ्या. पहिले तीन दिवस स्थानिक स्किपर (बोट चालवणारा जाणकार) बरोबर ठेवा, मग बोट तुमच्या हातात घ्या. या सगळ्यामागे एकच कारण आहे. ग्रेनेडीन्समध्ये, म्हणजे सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामधल्या लहान बेटांत, तुमचा दिवस आणि तुमची रात्र कशी जाणार हे नांगर कुठे आणि किती वाजता पडला यावर ठरतं. शिडं तुम्हाला येतात. पण नांगरावर रात्र काढल्याचं तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि तिथे तर रोजची रात्र नांगरावर किंवा मूरिंगवरच (तळाशी कायम बांधलेल्या बोयाला बोट बांधून) काढायची आहे.

मुंबईत शिकलेला माणूस तिथे गेला की काही गोष्टी उलट्या होतात, त्या आधी समजून घ्या. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटर असतो. ग्रेनेडीन्समध्ये तो अर्धा मीटरही नसतो. म्हणजे बोट उथळात रुतली तर भरती येऊन उचलेल ही आशा ठेवू नका. आणि खाली मुंबईचा मऊ गाळ नसून प्रवाळ असतं. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळी पडतो. तिथे व्यापारी वारा रात्रभर वाहतो. रात्री दोन वाजताही वीस नॉटचा (ताशी वीस सागरी मैलांचा) वारा दोरांतून शिट्टी घालत असतो, त्यामुळे ‘संध्याकाळी वारा पडला की नांगर बघू’ हा हिशेब चालत नाही. शिवाय भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवतात, तर कॅरिबियनमध्ये तोच उजव्या हाताला ठेवायचा. थकलेलं डोकं जुन्या सवयीवर जातं. सुकाणूपाशी एका चिठ्ठीवर ‘आत येताना लाल उजवीकडे’ असं लिहून चिकटवा आणि मोठ्या मुलाला ती राखायचं काम द्या.

आता वाऱ्याचं आणि बेटांचं नातं. सेंट व्हिन्सेंटपासून ग्रेनेडापर्यंतची ही बेटांची माळ साधारण उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे उतरते. फेब्रुवारीत वारा पूर्वेकडून, बऱ्याचदा थोडा ईशान्येला झुकलेला, पंधरा ते वीस नॉट. डिसेंबर-जानेवारीत तो पंचवीस-तीसपर्यंत चढतो, त्याला तिकडे ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात, आणि त्याची शेपूट फेब्रुवारीतही कधी कधी सापडते. दक्षिणेला जाताना वारा बाजूने किंवा किंचित मागून लागतो, बोट पळते, सगळे खूश असतात. परत येताना तोच वारा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, येतो. कानुआन बेटाहून उत्तरेच्या बेक्वे बेटाचा मार्ग वीस मैलांच्या आसपास, दिशा उत्तर-ईशान्य. वारा निखळ पूर्वेचा असेल तर एकाच टॅकवर (शिडं न पलटता) आरामात जाता. तोच ईशान्येला पंधरा-वीस अंश सरकला की शिडं घट्ट ओढून बोट चालवावी लागते. त्यात पाण्याचा प्रवाह बहुतेक वेळ पश्चिमेकडे ढकलत असतो. म्हणून निघताना बेक्वेच्या टोकावर नेम धरू नका. त्याच्या बरंच पूर्वेला धरा, आणि वाटेत बेट कंपासवर कोणत्या बाजूला सरकतंय ते दर वीस मिनिटांनी बघा. पश्चिमेला घसरून मग शेवटचे चार मैल वाऱ्याच्या तोंडावर इंजिनाने ठोकत जाणं हा दिवसाचा सगळ्यात वाईट शेवट.

दोन बेटांमधल्या उघड्या पाण्याच्या पट्ट्यांत वारा आणि लाट दोन्ही वाढतात. सेंट व्हिन्सेंट आणि बेक्वे यांच्यातलं अंतर जेमतेम नऊ मैल, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळतं की बेटाच्या आडोशातून बाहेर पडल्यावर काय होतं. पाच मिनिटांपूर्वी बारा नॉट होते, आता बावीस. प्रवाह वाऱ्याच्या उलट वाहत असेल तर लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. म्हणून शिडाचा रीफ, म्हणजे शीड आखूड करणं, नांगरावर असतानाच उरका. मेनसेल (मुख्य शीड) एक रीफ घेऊनच वर चढवा, पुढचं शीड थोडं गुंडाळलेलं ठेवा. वारा कमी निघाला तर सोडायला दोन मिनिटं लागतात. उसळत्या उघड्या पाण्यात, सासूबाई कॉकपिटमध्ये डोळे मिटून बसलेल्या असताना, डेकवर जाऊन रीफ घेणं फार कष्टाचं.

आता नांगराकडे येतो. यावर मी मुद्दाम वेळ घालवतो.

नांगर टाकायची वेळ दुपारी दोनच्या आत ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. त्याला तीन कारणं आहेत. सूर्य वर असला की पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळं म्हणजे खोल, पोपटी-पांढरट म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळट म्हणजे प्रवाळ आणि तिथून लांब राहा, वाळूच्या मधोमध काळसर डाग दिसला तर बहुतेक समुद्री गवत. पोलराइज्ड चष्मा घाला, एक माणूस नाळेवर उभा करा. दुसरं, लवकर आलात तर जागेची निवड तुमची. चार वाजता खाडीत शिरलात तर वाळूचे चांगले पट्टे गेलेले असतात आणि दोन बोटींच्या मध्ये, कुणाच्या तरी साखळीवर तुम्ही नांगर टाकता. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिला नांगर धरला नाही तर उचलून पुन्हा टाकायला, तिसऱ्यांदा टाकायला उजेड शिल्लक हवा. फेब्रुवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम असतो.

टाकण्याची रीत अशी. वाऱ्याच्या तोंडावर अगदी सावकाश या. चार-पाच मीटर पाण्यात वाळूचा मोकळा पट्टा हेरा. बोट पूर्ण थांबू द्या. ती मागे सरकायला लागली की नांगर खाली सोडा, साखळीचा ढीग न करता हळूहळू लांबवत न्या. साखळी किती? पाण्याची खोली अधिक नाळेची पाण्यापासूनची उंची, याच्या पाचपट. चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळ, म्हणजे पंचवीस मीटर. वारा पंचविसाच्या वर असेल तर सातपट, पस्तीस मीटर. मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अगदी मंद, मग हळूहळू वाढवा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं एक घर एका रेषेत धरा. ती रेष मोडली नाही तर नांगर धरलाय. साखळीवर हात ठेवा: गडगड कंप जाणवला तर नांगर तळावरून घसटत चाललाय, ताठ आणि शांत वाटली तर बसलाय. शेवटी साखळीवर जाड दोराचा स्नबर लावा, म्हणजे झटका दोर खाईल, विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) जाणार नाही.

आणि मग मास्क घालून पाण्यात उडी मारा. हे वगळू नका. मुलांना पोहता येत असेल तर त्यांना बरोबर न्या, त्यांच्यासाठी तो खेळच असतो. वरून नांगर वाळूत पूर्ण गाडलेला, फक्त दांड्याचा वरचा भाग दिसतोय, असं दिसलं की रात्री झोप लागते. आडवा पडलेला दिसला, टोक गवतात अडकलेलं दिसलं, तर वर या आणि पुन्हा टाका. गवतात टाकलेला नांगर धरल्यासारखा वाटतो आणि रात्रीच्या जोराच्या झोतात मुळांसकट निघून येतो. त्याच गवतावर कासवं चरतात, हे वेगळं.

मूरिंग बोया घेतला तर काळजी संपली, असंही नाही. बेक्वेच्या अ‍ॅडमिरल्टी बे मध्ये पुष्कळ बोये खासगी माणसांचे आहेत, काही उत्तम, काही नाहीत. वरून बोया नवाकोरा दिसतो. खाली डुबकी मारली की दोर शॅकलपाशी (जोडकडीपाशी) चरून निम्मा झालेला, किंवा तळाशी काँक्रीटच्या ठोकळ्याऐवजी जुनं इंजिन पडलेलं दिसतं. पैसे देण्याआधी खाली बघून या. बोया देणाऱ्याला त्याचा राग येत नाही. त्यालाही माहीत असतं की जाणते खलाशी बघूनच बांधतात.

नांगराची जागा निवडताना वाऱ्याबरोबर स्वेलही (दूरवरून येणारी लांब लाट) बघा. बेटांच्या पश्चिम बाजूला वाऱ्यापासून आडोसा मिळतो, पण हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा हजारो मैल प्रवास करून येतात आणि उत्तरेला उघड्या असलेल्या खाड्यांत शिरतात. मायरो बेटाची सॉल्ट व्हिसल बे चित्रातल्यासारखी आहे आणि बहुतेक दिवस तिथे छान झोप लागते. उत्तरेचा स्वेल आला की तिथे बोट रात्रभर डोलते. हवामानाच्या अंदाजात ‘नॉर्थ स्वेल’ दिसला की मायरोच्याच सलाइन बेकडे किंवा आणखी पुढे जा. याच कारणासाठी कानुआनच्या चार्ल्सटाउन बेवर माझा फारसा जीव नाही. वाटेतला मुक्काम म्हणून ठीक.

टोबॅगो कीजबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सगळे त्यासाठीच जातात आणि ते योग्यही आहे. पेटिट रामो, पेटिट बातो, बाराडाल, जेम्सबी आणि जरा बाहेरचा पेटिट टबॅक अशी पाच निर्मनुष्य बेटकं, आणि त्यांना पूर्वेकडून कवेत घेणारा हॉर्सशू रीफ (इथे रीफ म्हणजे पाण्यातली प्रवाळाची रांग). हा सगळा भाग सागरी उद्यान आहे, माणशी रोजचं शुल्क घ्यायला रेंजर होडीतून येतात. तिथे नांगरून उभे राहिलात की समोर पूर्वेला जमीन नाही, थेट आफ्रिका. वारा कुठेही न अडता अंगावर येतो, झेंडा फडफडून फाटायला येतो, आणि तरीही बोटीखालचं पाणी जवळजवळ सपाट असतं, कारण अटलांटिकची लाट तीन-चारशे मीटरवर रीफवर फुटून पांढरी होत असते. पहिल्या रात्री हा आवाज ऐकून माणसं घाबरतात. नांगर डोळ्यांनी पाहिला असेल तर घाबरायचं कारण नाही.

कीजमध्ये शिरताना बोट पूर्वेकडे तोंड करून जाते. म्हणजे सकाळी नऊला गेलात तर सूर्य डोळ्यांत, पाणी चकाकतंय आणि प्रवाळ दिसत नाही. अकरा ते दोन ही वेळ उत्तम. मायरोच्या उत्तर टोकाला भरपूर जागा देऊन या आणि पेटिट रामो-पेटिट बातो यांच्यामधल्या अरुंद खिंडीतून बोये बघत आत सरका. प्लॉटरवरची (स्क्रीनवरच्या नकाशावरची) रेघ बरोबरच असेल असं धरू नका. त्या पाण्यात डोळे पहिले, स्क्रीन नंतर. बाराडालभोवती कासवांसाठी बोयांनी आखलेला भाग आहे. हिरवी कासवं तिथे गवत खातात आणि दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतात. मुलांना सांगा की पाठलाग करायचा नाही, पाण्यावर शांत तरंगत राहायचं. कासव स्वतःच खालून जातं आणि पाठीवरच्या कवचाच्या रेषा मोजता येतात. स्पर्श करायचा नाही. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचे पोहायचे शर्ट घाला. प्रवाळासाठी आणि मुलांच्या पाठीसाठी तेच बरं.

उद्यानात मासेमारीला बंदी आहे, आणि सेंट व्हिन्सेंटच्या सगळ्याच पाण्यात परदेशी पाहुण्यांना भाल्याने मासे मारायला मनाई आहे. लॉब्स्टरचा हंगाम १ सप्टेंबर ते ३० एप्रिल, म्हणजे तुम्ही हंगामात आहात. पेटिट बातोच्या वाळूवर स्थानिक लोक संध्याकाळी कोळशावर भाजून देतात. सकाळी सांगून ठेवा आणि भाव तेव्हाच ठरवा.

दहा दिवस मी असे लावीन. विमान सेंट व्हिन्सेंटवरच्या अर्गाइलला उतरेल. हा विमानतळ २०१७ साली सुरू झाला, त्याआधी बार्बाडोसला विमान बदलण्यात दिवस जायचा. पहिली रात्र सेंट व्हिन्सेंटच्याच ब्लू लगून या बोटींच्या बंदरात काढा, बोट समजून घ्या, किराणा भरा. दमून आलेल्या कुटुंबाला त्याच दुपारी उघड्या पाण्यात नेऊ नका. ब्लू लगूनच्या तोंडाशी पाणी उथळ आहे, बाहेर पडताना कंपनीचा माणूस बरोबर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बेक्वे, तिथे दोन रात्री. बेक्वे जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं, पण पोर्ट एलिझाबेथचा किनारा सासूबाईंना पायी फिरण्याजोगा आहे आणि तिथे लाकडाच्या छोट्या बोटी कोरणारे कारागीर आहेत, मुलं तिथून हलणार नाहीत. मग मायरो, एक रात्र. टोबॅगो कीज दोन रात्री, वारा बरा असेल तर तीन. युनियनच्या क्लिफ्टनला एक रात्र: बंदराच्या मधोमध एक रीफ आहे हे विसरू नका. परतीला कानुआन, तिथून सकाळी साडेसहा-सातला निघून बेक्वे, आणि शेवटी ब्लू लगून. मस्टीक मी वगळलं आहे. खासगी बेट, मूरिंगचा खर्च जास्त, आणि मुलांना कीजमधला आणखी एक दिवस त्याहून आवडेल.

मार्तिनिक का नको? सेंट व्हिन्सेंटच्या उत्तर टोकापासून सेंट लुशियापर्यंतचा समुद्राचा पट्टा उघडा आणि खडबडीत, मग सेंट लुशिया, मग आणखी एक तसाच पट्टा. दहा दिवसांतले निम्मे दिवस लांब पल्ल्यात जातील, दोनच्या आत नांगर हा नियम रोज मोडेल, आणि मार्तिनिक फ्रान्सचा भाग असल्याने पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसाचं वेगळं काम निघेल.

कॅटमरान की एका हलची (सांगाड्याची) साधी बोट, यावर मला स्वतःला एका हलची आवडते. वाऱ्यावर ती चांगली चढते आणि हातात जिवंत वाटते. पण तुमच्याबरोबर नऊ वर्षांचं मूल आणि सासूबाई आहेत. चाळीस-बेचाळीस फुटी कॅटमरान डोलत्या खाडीतही बरीच स्थिर राहते, उथळ पाण्यात जाते, कॉकपिट आणि स्वयंपाकघर एकाच पातळीवर असतं, त्यामुळे शिडी उतरून खाली जावं लागत नाही. परतीच्या वाऱ्यात ती मागे पडते. म्हणूनच परतीच्या पल्ल्याला मी सकाळी सातची वेळ दिली आहे आणि एका इंजिनाची मदत घ्यायला लाजू नका असं सांगतो.

बेरिलबद्दल. १ जुलै २०२४ रोजी ते कारियाकू बेटावर श्रेणी ४ चं वादळ म्हणून धडकलं, वारा ताशी २४० किलोमीटरच्या आसपास. युनियनवरची नव्वद टक्क्यांच्या आसपास घरं मोडली किंवा उडाली. मायरो आणि कानुआनलाही जबर फटका बसला. कारियाकूच्या टिरेल बेमधल्या खारफुटीत वादळापासून वाचायला म्हणून बोटी बांधून ठेवायची जुनी रीत आहे, त्या खारफुटीतच बोटी एकमेकींवर चढून फुटल्या. हा भाग वादळांच्या पट्ट्याच्या जरा खाली आहे अशी समजूत होती. २००४ मध्ये इव्हान वादळाने ग्रेनेडाला झोडपलं तेव्हा तिला तडा गेला, आणि आता ती कुणी धरू नये. फेब्रुवारी वादळांच्या हंगामाबाहेर आहे, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा तुम्हाला त्याचा धोका नाही.

मग जावं का? माझ्या मते जावंच. या बेटांवर शेती थोडी, कारखाने नाहीत. बोटीने येणारे लोक हेच उत्पन्न. ब्रेड, बर्फ, मासे, मूरिंग, टॅक्सी, भाजी हे सगळं तिथल्याच माणसाकडून घ्या, सेंट व्हिन्सेंटहून सगळं भरून नेऊ नका. छप्पर नव्याने चढलेल्या घरासमोर मोबाइल काढून फोटो घेऊ नका. आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. या बेटांत नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात, दुकानात शिरतानासुद्धा.

होडीतून विकायला येणाऱ्यांचंही तसंच. बोट खाडीत शिरत असतानाच दोन-तीन होड्या सुसाट येतात, कुणी दोर धरायला, कुणी केळी विकायला. नवख्याला वाटतं अंगावर येताहेत. एकाशी बोला, नाव विचारा, काम आणि भाव ठरवा, बाकीच्यांना सांगा की अमक्याशी ठरलंय. ते मान्य करून जातात. डॉलर चालतो, पण ईस्टर्न कॅरिबियन डॉलर जवळ ठेवा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे त्यांचे २.७०, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. डिंगी (बोटीबरोबरची छोटी होडी) मात्र रात्री पाण्यात सोडू नका. वर उचलून घ्या, इंजिनाला कुलूप लावा.

कधी पुन्हा आलात आणि बोट ग्रेनेडात सोडता येत असेल, तर युनियनहून पुढे कारियाकूला जा. हा दुसरा देश, ग्रेनेडा, त्यामुळे क्लिफ्टनला बाहेर पडल्याची आणि पलीकडे आत आल्याची नोंद करावी लागते. तिथल्या विंडवर्ड गावात आणि शेजारच्या पेटिट मार्टिनिकवर किनाऱ्यावरच, झाडांच्या सावलीत, कागदी नकाशाशिवाय डोळ्याच्या अंदाजाने लाकडी बोटी बांधतात. व्हाइट सीडरची नैसर्गिक वाकलेली फांदी शोधून तिचीच बरगडी करतात. ही विद्या २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आणि पुढच्याच वर्षी बेरिल आलं. कोकणात मचवे बांधणाऱ्या सुतारांना काम करताना ज्यांनी पाहिलंय त्यांनी तरी ते बघून यावं. तिथून ग्रेनेडाकडे जाताना वाटेत ‘किक एम जेनी’ हा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे, त्याच्याभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ कायम टाळायचं, इशारा वाढवला असेल तर पाच किलोमीटरचं.

खाण्याचं सासूबाईंनी विचारलंय. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. सेंट व्हिन्सेंटमध्ये १८६१ साली ‘त्रावणकोर’ जहाजातून हिंदुस्थानी मजूर उतरले, ग्रेनेडात त्याच्या चार वर्षं आधी. त्यांच्यामागे रोटी आणि डाळ राहिली. कॅलालू नावाचं सूप अळूच्या पानांचं असतं, पण त्यात मांस किंवा खेकडा नाही ना हे विचारून घ्या. राजधानी किंग्जटाउनच्या बाजारात तुरीचे ओले दाणे, केळी, सुरण-रताळ्यासारखे कंद मिळतात. नीरफणस तर त्या देशाचं अन्नच: १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणून इथे लावली. कोळशावर अख्खा भाजून, सोलून, मीठ-लोणी लावून खा. घरून फक्त मसाले, पोहे आणि थोडं तूप न्या.

पाणी जपा. ग्रेनेडीन्समध्ये नद्या नाहीत, लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वापरतात, आणि फेब्रुवारी कोरड्या ऋतूत येतो. भांडी समुद्राच्या पाण्यात धुवा आणि शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. बोट लागण्यावरची गोळी निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी घ्या, लाटांत शिरल्यावर उपयोग नाही. मुलांचं आणि सासूबाईंचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. अ‍ॅव्होमिनने झोप येते, तेव्हा सुकाणू धरणाऱ्याने ती घेऊ नये. किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड ओळखायला शिका, हिरव्या लहान सफरचंदासारखं फळ. ते खायचं नाही, आणि पावसात त्याच्या खाली उभंही राहायचं नाही, गळणाऱ्या चिकाने अंगावर फोड येतात. मुलांच्या बॅगेत लष्करी छापाचे कपडे असतील तर काढून ठेवा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा या दोन्ही देशांत ते घालणं कायद्याने गुन्हा आहे.

आता फेब्रुवारीआधी काय कराल. ऑक्टोबरमध्ये चेसापीक बेमध्ये दोन रात्रींसाठी लहान बोट भाड्याने घ्या, न्यू जर्सीहून गाडीने काही तासांवर आहे. अमेरिकेतही लाल बोया उजव्याच हाताला असतो, तेव्हा डोळ्याला ती सवय लागेल. तळ चिखलाचा आहे आणि खाड्या निवांत आहेत, चूक झाली तरी बोट फुटत नाही. तिथे नांगर टाकायचा, उचलायचा, पुन्हा टाकायचा, असं दिवसभर करा. एकाने नाळेवर, एकाने सुकाणूवर, आणि ओरडायचं नाही: मागे, पुढे, थांब, धरला, एवढ्या चार खुणा हाताने ठरवा आणि मग जागा बदला. इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात कॉकपिटपर्यंत शब्द पोहोचत नाही. दोघांनाही दोन्ही जागा आल्या, की स्किपरला तीनऐवजी दोनच दिवस ठेवा.